भूक वाया घालवू नये

राजकोट
मागसर सुद पाचम, सोमवार

पूज्य भाभी,

जय जिनेंद्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे तसंच बाजूला ठेवाल असं वाटतं. पण उघडलंतच, तर शेवटपर्यंत वाचा. तुमच्या निकुंजकडून तुमचा नंबर घेतला होता. पण तुमचा आवाज ऐकला की माझी वाचा बसेल, म्हणून कागद घेतला.

तुमच्या दिरांच्या, म्हणजे ह्यांच्या, मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. आज दुपारी भरती झालो. खोली स्वच्छ आहे, खिडकी पश्चिमेला. उकळलेलं पाणी मी घरून भरून आणलं आहे.

मोटाभाई गेले त्याला अकरा वर्षं झाली आणि तुम्ही निकुंजकडे कोइंबतूरला गेलात त्यालाही तेवढीच. त्याआधी, भावनगरला मोटाभाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी तुम्ही होतात. या आजाराचं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं आमच्यात कोणाला कळत नाही, म्हणून तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

मोटाभाईंनी तेव्हा अठ्ठम केला होता, पाण्याशिवाय, तीन दिवस. संघात अजून ते नाव निघतं. कोणाच्या पोटावर सुरी चालणार असली की उपाश्रयात कोणीतरी म्हणतंच, "वाडीभाईंसारखा अठ्ठम धर, टाके आपोआप भरतील." तुमच्या दिरांनीही आज सकाळी हात जोडून उपासाचं पच्चक्खाण घेतलं. मंगळ, बुध, गुरू, तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. शुक्रवारी सूर्य उगवल्यावर पारणं. त्यांची इच्छा. मी मध्ये पडले नाही.

डॉक्टर वेकरिया तरुण आहेत. त्यांनी एक पुस्तिका दिली आहे, ती मी पिशवीत ठेवली आहे. सवड मिळाली की वाचीन.

तुमची देराणी,
कुमुद


मागसर सुद छठ, मंगळवार

पूज्य भाभी,

ऑपरेशन झालं. नवकार म्हणत मी बाहेर बसले होते, साडेअकराला डॉक्टर स्वतः आले. "गाठ निघाली, आतडं जोडलं, दुर्बिणीतून केलं, चार भोकं आहेत फक्त." मी हात जोडले.

आता एक अडचण सांगते. इथली रीत निराळी आहे. मोटाभाईंच्या वेळी चार दिवस तोंडाला थेंब लावू दिला नव्हता, नाकात नळी होती, आठवतं ना? इथे उलटं. पहाटे पाच वाजता ब्लेसी सिस्टर गोड पाण्याची बाटली घेऊन आली, ऑपरेशनच्या आधी प्यायची म्हणे, ताकद राहते. ती केरळची आहे, गुजराती तोडून तोडून बोलते, पण मायेची आहे. तुमचे दीर म्हणाले, "सूर्य उगवला नाही." ती म्हणाली, "अंकल, सूर्य उगवेपर्यंत तुम्ही टेबलावर असाल." मी बाटली घेतली आणि म्हटलं, मी पाजते. ती गेली.

मग दुपारी चारला डॉक्टर आले आणि म्हणाले, "मासी, पाच वाजता मुगाचं पाणी द्या. तुमचा चोविहार मला ठाऊक आहे, सहा वाजून तीन मिनिटांनी सूर्यास्त आहे, मी बघून आलोय. त्याच्या आत द्या."

मी म्हटलं, "आज? टाके ओले आहेत."

"ते टाके खाण्यापिण्याला घाबरत नाहीत. दुकान कशाचं तुमचं?"

"कापडाचं."

"चार दिवस शटर खाली ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं की नाही? आतड्याचं तसंच आहे. रिकामं ठेवलं की आळसावतं." मग तुमच्या दिरांकडे वळून म्हणाले, "काका, च्युइंगमही चघळायचं, दिवसातून तीनदा. पोटाला वाटतं जेवण येतंय, ते हलायला लागतं."

तुमच्या दिरांनी गुंगीतच माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

अठ्ठमचं डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मोडायला लावला असता. म्हणून सांगितलं नाही.

पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो. पोटात किती गेलं, लघवी किती झाली, ते घरच्यांनी लिहायचं. सिस्टरने विचारलं, "आंटी, लिहिता येतं?" मी म्हटलं, मॅट्रिक आहे, पस्तीस वर्षं घराचा जमाखर्च ठेवते. ती हसली आणि पेन देऊन गेली.

मुगाचं पाणी आलं. अन्न फेकणं आपल्यात पाप, म्हणून बाथरूमचं दार लावून मी उभ्यानंच पिऊन टाकलं. तक्त्यात लिहिलं, पाच वाजता, मुगाचं पाणी, दीडशे. च्युइंगम पर्समध्ये ठेवले.

सलाइन चालू आहे, त्यामुळे काळजी नाही. तहान शरीराला कळतच नाही म्हणतात. आणि तीनच दिवस तर आहेत.

कुमुद


मागसर सुद सातम, बुधवार

पूज्य भाभी,

आज त्यांना उभं केलं. दारापर्यंत चालले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. डॉक्टर खूश होते. तक्ता उचलून त्यांनी ब्लेसीला दाखवला. "ही नोंद बघ. कालचं, आज सकाळचं, सगळं मिलीसकट. मासी, तुम्हाला नोकरीवर ठेवायला हवं."

मी म्हटलं, "पगार काय द्याल?"

"मुगाचं पाणी." सगळे हसले. तुमचे दीर हसले नाहीत.

मग डॉक्टर म्हणाले, "एवढं चांगलं पितायत तर सलाइन कशाला? काढून टाका. लघवीची नळीही काढा."

मी तोंड उघडलं होतं भाभी. पण ब्लेसीने तोवर चिकटपट्टी ओढली होती. सुई निघाली, तिथे कापूस दाबला आणि ती स्टँड ढकलत घेऊन गेली. खोली एकदम मोकळी वाटायला लागली.

रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घ्यायची असते, ती माझ्या रुमालाच्या गाठीत आहे. दुखण्याचं मात्र इंजेक्शन देतात, ते चालतं.

आता लघवी मला प्लॅस्टिकच्या मापात मोजावी लागते. सकाळपासून दोनदा झाली, मिळून पाव लिटरही नाही. तक्त्यात जमेला तेराशे आणि नावे अडीचशे. हिशेब डोळ्याला खुपत होता, कोणीही विचारलं असतं. म्हणून मी नावे बाजू हजारावर नेली. आता जुळतो.

ओठांना साली आल्या आहेत. तूप लावलं असतं, पण चाटलं गेलं तर अठ्ठम मोडायचा, म्हणून नुसती ओली बोटं फिरवली आणि लगेच पुसून घेतली. ते शांत पडून आहेत. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, काहीतरी म्हणाले. मला नीट ऐकू आलं नाही.

तुम्ही भावनगरला या दुसऱ्या दिवशी काय केलं होतंत, ते मला विचारायचं होतं. जाऊ द्या. मला माहीत आहे.

कुमुद


मागसर सुद आठम, गुरुवार, दुपार

भाभी,

सकाळपासून उचकी लागली आहे. थांबत नाही. पोट फुगलंय का ते बघायला हात ठेवला तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि चादर मोजायला लागले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, वीत वीत, गादीच्या टोकापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "काय करताय?" तर म्हणाले, "ताका कमी भरतोय. कापडवाल्यानं फसवलं."

लघवी काल संध्याकाळपासून अर्धी वाटी, काढ्याच्या रंगाची. तक्त्यात पाचशे लिहिलं आहे.

डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आहेत. ब्लेसी दोनदा येऊन गेली. "अंकल झोपेत बोलतात?" मी म्हटलं, "हो, सवय आहे."

पंधरा तास राहिले आहेत. पंधरा तास म्हणजे काय भाभी, एक दिवससुद्धा नाही. आपण चातुर्मासात आठ आठ दिवस काढले आहेत.

आता माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बा, पाणी."

सासूबाईंना जाऊन तीस वर्षं


मागसर सुद दसम, शनिवार

भाभी,

परवाचं पत्र अर्धंच राहिलं, ते यासोबत पाठवते. आधीची तीन तुम्हाला मिळाली असतील. त्यांत मी बरंच लपवलं आहे. आज सगळं लिहिते.

त्यांनी "बा, पाणी" म्हटल्यावर मी फ्लास्क उघडला. चमच्याने दिलं. पहिला चमचा बाहेर आला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ती नजर भ्रमातली नव्हती. त्यांनी मला ओळखलं, चमचा ओळखला, आणि प्याले. सात चमचे झाले. आठव्याला त्यांनी चमचा दातांत घट्ट धरून ठेवला, सोडेचनात.

मी दारात जाऊन ब्लेसीला हाक मारली आणि तक्ता तिच्या हातात दिला. "हे सगळं खोटं आहे."

"कुठलं, आंटी?"

"सगळं. मंगळवारपासून त्यांच्या पोटात थेंब नाही."

ती धावली. पाच मिनिटांत खोलीत इतकी माणसं झाली की मी भिंतीला चिकटले. त्यांना खाली काचेच्या खोलीत नेलं. मूत्रपिंडं बसली आहेत. कोरड्या शरीरात दुखण्याची इंजेक्शनं जात राहिली, ती बाधली. काल मशीनवर रक्त धुतलं. उद्या पुन्हा धुवायचं की नाही ते सकाळी ठरेल. आतड्याची जोड टिकेल ना, विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "ते आज विचारू नका."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तक्ता पुढे धरला. "मासी, ह्याच्यावर विश्वास ठेवून मी सलाइन काढलं," एवढंच म्हणाले.

आता जे लपवलं ते. अठ्ठमची कल्पना त्यांची नव्हती, माझी होती. मीच म्हटलं, "डॉक्टर उपाशी तर ठेवणारच आहेत. मग ती भूक वाया का घालवायची? पच्चक्खाण घेऊन ठेवा, तेवढीच कर्मं झडतील." घरात मी दोऱ्याचा तुकडा वाया जाऊ देत नाही, तसंच. आणि व्याख्यान सुटल्यावर गर्दीतच घ्यायला लावलं, ऑपरेशनचं महाराजसाहेबांच्या कानावर जाऊ दिलं नाही.

पुस्तिका मी भरती व्हायच्या आधीच वाचली होती. पहिल्याच पानावर गुजरातीत होतं, ऑपरेशनच्याच दिवशी खायला देतात. ती मी त्यांना दाखवली नाही.

बुधवारी संध्याकाळी ते काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं होतं. "कुमुद, पाणी दे." मी म्हटलं, "सूर्य मावळला." त्यांनी डोळे मिटले. गुरुवारी सकाळी पुन्हा मागितलं, मी म्हटलं, "एकच दिवस राहिलाय, मोडू नका." तिसऱ्यांदा त्यांनी मला मागितलंच नाही, आपल्या आईला मागितलं.

आणि एक. भावनगरला त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोटाभाईंना भेटायला आले होते, पडद्यामागे उभी होते. तुम्ही पदराचं टोक भिजवून त्यांच्या तोंडात पिळत होतात. मी तशीच मागे फिरले. संघाने त्यांचा तपस्वी म्हणून सत्कार केला तेव्हा तुम्ही खाली मान घालून बसला होतात, आणि मी तुमच्याकडेच बघत होते. कोणाला सांगितलं नाही, आपल्याच घराचं नाव होतं ना. पण मोटाभाई गेले त्या आठवड्यात स्वयंपाकघरात मी तुम्हाला म्हटलं, "तप मोडलंत, त्याचं हे फळ." तुम्ही हातातली कणीक खाली ठेवली आणि बाहेर गेलात.

म्हणजे मला ठाऊक होतं भाभी. ज्या अठ्ठमचं सगळे नाव घेतात तो पुरा झालाच नव्हता, हे एकट्या मला ठाऊक होतं. म्हणूनच मला तो करून दाखवायचा होता. तुमच्याच्याने झालं नाही ते माझ्या घरात होतं, एवढं मला बघायचं होतं.

दर संवत्सरीला मी गल्लीतल्या भाजीवालीचीसुद्धा क्षमा मागते. तुमची कधी मागितली नाही. आता मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

कुमुद


मागसर सुद पूनम, गुरुवार

भाभी,

ते वाचले. मशीन दोनदा लागलं, मग सोमवारी लघवी आपोआप सुटली. माप भरलं तेव्हा ब्लेसीनेच तक्त्यात लिहिलं, आता ती मला पेन देत नाही. जोड टिकली. वर खोलीत आणलं आहे. मऊ खिचडी खातात, ताक पितात.

मधल्या वेळात मी उपाश्रयात जाऊन मोठ्या साध्वीजींना सगळं सांगितलं. प्रायश्चित्त मागायला गेले होते. त्या म्हणाल्या, "आजारात जीव घाबरा झाला तर औषधपाणी घेता यावं म्हणून पच्चक्खाणातच सूट सांगितलेली असते, बहेन. दर वेळी आम्ही ती मोठ्याने उच्चारतो. पस्तीस वर्षं हात जोडून ऐकलंत, अर्थ एकदाही विचारला नाहीत?" मी नाही म्हटलं. "मग आधी खोट्या तक्त्याचं प्रायश्चित्त घ्या, पाण्याचं राहू द्या."

काल दुपारी संघाची माणसं आली, शाल आणि श्रीफळ घेऊन. आपल्या शेजारची रसीला आणि तिचे यजमान रतिलालही होते. ट्रस्टी म्हणाले, "जसुभाई, एवढं मोठं संकट आलं, पण अठ्ठमच्या बळावर तरलात. वाडीभाईंचे भाऊ शोभता."

मी तुमच्या दिरांकडे पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं. तो चमचा त्यांनी दातांत धरला होता. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "देवगुरूंची कृपा. निर्विघ्न पार पडला."

तेव्हा मला मोटाभाई आठवले, हार घालून, हसत बसलेले. तेसुद्धा प्यालेच होते ना, आणि जाणून प्याले होते. तरी त्यांनी सत्कार घेतला आणि पापाचं ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर राहू दिलं. तुम्ही त्यांचं नाव राखलंत. मी मात्र तुम्हालाच बोल लावला.

शाल पांघरून झाली. मग रसीला पुढे झाली. "जसुभाई, ह्यांचंही पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे, ह्याच डॉक्टरांकडे, पोटाचंच. तुमच्यासारखाच अठ्ठम घ्यायचा ठरवलाय. आशीर्वाद द्या."

रतिलालभाई पंचाहत्तरीचे आहेत. काठी धरून उभे होते. तुमच्या दिरांनी हात वर केला.

मी म्हटलं, "अठ्ठम झाला नाही. गुरुवारी मी पाणी पाजलं. आणि ते वेळेवर पाजलं नाही म्हणून मूत्रपिंडं बसली. साध्वीजींना विचारा, पच्चक्खाणात सूट असते. रतिलालभाई, डॉक्टर देतील ते त्याच दिवशी घ्या."

ट्रस्टींनी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. रसीला म्हणाली, "पाणी पाजलंत? तीन दिवस व्हायच्या आत?"

"पंधरा तास होते."

"मग त्यामुळेच बसली असतील मूत्रपिंडं. पंधरा तासांसाठी मोडलंत, कुमुदबेन!" आणि नवऱ्याला म्हणाली, "चला हो. आपल्याला असं नाही करायचं."

सगळे गेले. शाल पलंगावरच राहिली. तुमच्या दिरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. खिचडी ब्लेसीच्या हातून घेतात. वाटी रिकामी होते, ती मी लांबून बघते. मला तेवढं पुरे आहे.

आज सकाळी मी रसीलाकडे गेले होते. दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "तुम्हाला तुमच्या नवऱ्याचं राखता आलं नाही, आता आमचंही मोडायला आलात?" डॉक्टरांना सांगून आले. ते म्हणाले, "मी समजावीन, मासी. पण तुम्हालाही मी समजावलंच होतं." साध्वीजी विहार करून पुढच्या गावी गेल्या.

माझं इथे आता कोणी ऐकणार नाही. ज्यांच्या हातून तो पहिला अठ्ठम मोडला त्यांचंच ऐकतील. रसीला वाडीभाईंचं नाव घेते. त्यांना भावनगरला पाणी कोणी पाजलं होतं आणि त्यानंतर ते सहा वर्षं कसे खणखणीत जगले, हे सांगणारं माणूस जगात एकच उरलं आहे.

त्यांचं नाव तुम्ही इतकी वर्षं राखलंत. ते मोडा असं मी कोणत्या तोंडाने म्हणते आहे, ते मला कळतं.

हे कुरिअरने पाठवते, तीन दिवसांत पोहोचतं म्हणाला. रसीलाचा नंबर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिला आहे. बुधवारच्या आत. माझ्याशी कधीच बोलला नाहीत तरी चालेल. तिच्याशी बोला.

कुमुद